डाग एकीकडे, भोक दुसरीकडे: अकूस्टिक कॅमेऱ्याने गळती शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यात दाबाची हवा पुरवणारे तीन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत आणि रात्री उत्पादन बंद असतानाही त्यातला एक अधूनमधून लोड घेत, म्हणजे हवा दाबत, राहतो. डेमोला आलेल्या माणसाने अकूस्टिक कॅमेरा फिरवून तासाभरात चाळीसेक गळत्या दाखवल्या. दुसऱ्या दिवशी फिटर गेला तर त्यातल्या डझनभर ठिकाणी काहीच सापडलं नाही. मग कॅमेरा खोटं बोलतो का? त्याने दाखवलेले गळतीचे लिटर अहवालात घालावेत का? आणि हाच कॅमेरा एचटी यार्डात (उच्च व्होल्टेजच्या विजेच्या आवारात) आणि कॉन्व्हेयरवर चालेल का?

कॅमेरा खोटं बोलत नाही. पण त्याला गळती दिसतच नाही, त्याला आवाजाची दिशा कळते. दिशा कळणं आणि भोक सापडणं यात जे अंतर आहे, त्यापायीच तुमचा फिटर शिडी चढून रिकाम्या हाताने खाली आला. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि सुरुवातीला माझ्याही सांगण्यावरून लोक अशा शिड्या चढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या तबकडीत जी बारीक छिद्रं दिसतात ते मायक्रोफोन. काही मॉडेलांत ६४, काहींत १२४, काहींत त्याहून जास्त. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० सेंटीमीटर अंतरावरच्या दोन मायक्रोफोनांवर बाजूने आलेला आवाज जवळपास ०.३ मिलिसेकंद मागेपुढे पोचतो. समोरच्या चित्रातला एकेक बिंदू घेऊन यंत्र हिशोब करतं की आवाज इथून निघाला असता तर कुठल्या मायक्रोफोनला किती उशीर झाला असता. तेवढा उशीर काढून टाकून सगळे सिग्नल एकमेकांवर ठेवले की बरोबर बिंदूपाशी लाटा जुळतात आणि बेरीज फुगते. चुकीच्या बिंदूपाशी त्या एकमेकींना खाऊन टाकतात. या बेरजांचा नकाशा रंगवून साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावर चढवला की तुम्हाला डाग दिसतो. याला बीमफॉर्मिंग म्हणतात. रडार आणि सोनारवाले हे फार आधीपासून करत आले आहेत.

यातून पहिली गोष्ट निघते ती डागाच्या आकाराची. तबकडी १५ सेंटीमीटर रुंद धरा आणि ऐकायची वारंवारता ४० किलोहर्ट्‌झ. तिथे तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास येते. एवढ्या तबकडीने १० मीटरवरून पाहिलं तर अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत असलेल्या दोन गळत्या एकच डाग होऊन दिसतात. ३ मीटरवर आलात की तेच वीतभरावर येतं. वारंवारता २० किलोहर्ट्‌झवर आणलीत तर हे अंतर दुप्पट होतं. छताजवळच्या हेडरवर (हवेच्या मुख्य पाइपवर) खालून दिसलेला डाग म्हणजे "या फ्लँजच्या आसपास कुठेतरी" एवढंच समजायचं. डेमोवाल्याने फोटो काढला, फिटरने फोटोतल्या डागाच्या बरोबर मधल्या नटाला साबण लावला, बुडबुडा आला नाही, आणि त्याने "काही नाही" असा शेरा मारला. नट ठीकच असणार. दोन हात पलीकडची युनियन (पाइपांचा आट्यांचा जोड) त्याने पाहिलीच नसेल.

दुसरी गोष्ट आपोआप बदलणाऱ्या रंगपट्टीची. बहुतेक कॅमेरे चित्रात जे सगळ्यात मोठं असेल ते लाल करतात. समोर काहीच गळत नसेल तरी सगळ्यात मोठं असं काहीतरी असतंच, आणि त्याला लाल डाग मिळतो. नवा माणूस पहिल्या दिवशी अशा शेकडो "गळत्या" गोळा करतो. डागाशेजारी डेसिबल किती आहेत ते बघा, आणि डाग एका जागी ठाम बसलाय की थरथरत इकडेतिकडे उड्या मारतोय तेही बघा. खरी गळती खिळा ठोकल्यासारखी स्थिर असते. याच पट्टीची उलटी बाजूही आहे. मोठ्या गळतीच्या शेजारची छोटी गळती दिसतच नाही. तिथे मोठी चौकटीबाहेर ठेवून पुन्हा बघावं लागतं, किंवा तिच्यावर जाड फडकं टाकून.

आता परावर्तनाचा किस्सा. एका ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या उंच टाकीवर, मॅनहोलच्या खाली हातभर, झकास डाग दिसला. ठाम, गोल, डेसिबल भरपूर. टाकीच्या त्या भागात पाइप नाही, वेल्डसुद्धा नाही, तरी मी आत्मविश्वासाने "इथे पिनहोल असणार" म्हणालो. शिडी लावली, फिटर वर गेला, साबणाचं पाणी मारलं. कोरडं ठाक. तो वरून माझ्याकडे पाहतोय, मी कॅमेऱ्याकडे. मग मी सहज दोन पावलं डावीकडे सरकलो आणि डागसुद्धा टाकीवरून डावीकडे सरकला. गळती आमच्या पाठीमागे खांबावर होती, एका फिल्टर-रेग्युलेटरच्या वाटीच्या ओ-रिंगमधून. टाकीचा चकचकीत पत्रा आवाजाला आरशासारखा परत पाठवत होता. अल्ट्रासाउंडची, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजाची, लाट मिलिमीटरांत मोजायची, त्यामुळे साधा गुळगुळीत पत्रा, काच, रंगवलेली भिंत, ओली फरशी, सगळे तिच्यासाठी आरसेच. तेव्हापासून नियम केला की एक डाग किमान दोन जागांवरून पाहिल्याशिवाय टॅग (गळतीच्या जागेची खूणचिठ्ठी) लावायचा नाही. जागा बदलल्यावर डाग वस्तूला चिकटून राहिला तर ठीक, घरंगळला तर मागे वळून बघायचं. तुमच्या त्या डझनभर "काही नाही" पैकी निम्म्याहून जास्त अशीच प्रतिबिंबं निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

वारंवारता कुठे ठेवायची हे लोक फार विचारतात. दाब वातावरणापेक्षा साधारण ०.९ बारने जास्त झाला की भोकाच्या तोंडाशी हवा आवाजाच्याच वेगाने बाहेर पडते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१० मीटर. त्या झोताच्या खळबळीतून जो फुसफुसाट होतो तो एका सुरात नसतो, रुंद पसरलेला असतो. भोक जितकं बारीक तितका त्याचा जोर वरच्या वारंवारतांकडे सरकतो. ३ मिलिमीटरचं भोक कानाला ऐकू येतं, अर्ध्या मिलिमीटरचं मशीनच्या गोंगाटात अजिबात नाही. दुसरीकडे मोटर, गिअर, पंखे यांचा गोंगाट खालच्या पट्ट्यात असतो आणि वर जाताना विरतो. म्हणून २० ते ४० किलोहर्ट्‌झमध्ये सुरुवात करावी. त्याहून वर गेलात तर डाग बारीक होतो, पण हवाच तो आवाज गिळते. ४० किलोहर्ट्‌झला दर मीटरमागे एखादा डेसिबल सहज जातो, १०० किलोहर्ट्‌झला तीनेक, आणि अंतर दुप्पट झालं की आणखी ६ जातात ते वेगळेच. त्यामुळे "१०० किलोहर्ट्‌झपर्यंत" असं माहितीपत्रकात छापलेलं असलं तरी उंच छताखाली त्याचा उपयोग थोडा. आणि शॉपमध्ये अल्ट्रासॉनिक वेल्डिंग किंवा ४० किलोहर्ट्‌झवर चालणारे लेव्हल सेन्सर असतील तर तेही गळतीसारखेच चमकतात. फरक एवढाच की त्यांचा आवाज वारंवारतेच्या आलेखात एका उभ्या सुळक्यासारखा दिसतो आणि गळतीचा पसरट टेकाडासारखा. डागाबरोबर तो आलेख पाहायची सवय लावून घ्या.

शोध बहुतेक कुठे संपतो? मुख्य हेडरवर क्वचित. मशीनला जोडणाऱ्या शेवटच्या काही फुटांत: रेग्युलेटरची वाटी, क्विक कपलर, पुश-फिट फिटिंग (नळी नुसती दाबून बसवायचा जोड), पीयू (प्लास्टिकची) नळी, हवेवर चालणाऱ्या सिलिंडरच्या रॉडचं सील, अर्धवट उघडा अडकलेला ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह). पुश-फिटचं एक सांगतो, कारण यावर लोक नवीन फिटिंग वाया घालवतात. नळी सुरीने तिरकी कापलेली असते, आतल्या ओ-रिंगवर ती सगळीकडून सारखी बसत नाही आणि फुसफुसते. हवा बंद करून नळी बाहेर काढा, टोकाचा सेंटीमीटरभर भाग कटरने काटकोनात कापा, परत दाबून बसवा. दहातल्या सात-आठ वेळा तेवढ्यावर काम होतं.

एक जागा मात्र चांगल्या चांगल्यांना फसवते. सिलिंडर स्थिर उभा आहे, कुठलीही हालचाल नाही, आणि व्हॉल्व्हच्या एक्झॉस्ट सायलेन्सरवर कॅमेरा सतत डाग दाखवतो. सगळे म्हणतात व्हॉल्व्ह गेला. एका लाइनवर तो व्हॉल्व्ह दोनदा बदलून झाला होता, डाग जसाच्या तसा. पिस्टनचं सील फाटलेलं होतं. दाबाच्या बाजूची हवा पिस्टनच्या कडेने पलीकडे जायची, तिथून नळीने परत व्हॉल्व्हमध्ये आणि सायलेन्सरमधून बाहेर. आवाज खरंच तिथूनच येत होता, कॅमेरा अगदी बरोबर होता. तपासायला सोपं आहे. दाब नसलेल्या बाजूची नळी सिलिंडरच्या तोंडाशी सोडा, अर्थात मशीन लॉक करून आणि भार टेकवून. पोर्टमधून हवा येत राहिली तर सील गेलंय, नाही आली तर व्हॉल्व्ह. स्टेनलेस टाकीच्या उलट, इथे डाग खऱ्या जागी असूनही दुरुस्ती दुसरीकडे निघते.

आता लिटरचं. कॅमेरा मोजतो फक्त आवाजाची पातळी. तुम्ही दिलेलं अंतर आणि दाब धरून कोष्टकावरून तो प्रवाह सांगतो. पण तेवढीच हवा गोल स्वच्छ भोकातून गेली तर एक आवाज, फाटक्या सीलच्या चिरेतून गेली तर दुसरा, नटाच्या आट्यांतून वळणं घेत आली तर तिसरा. त्यात झोत तुमच्याकडे तोंड करून आहे की भिंतीकडे, यानेही आकडा बदलतो. मी एकच गळती दोन बाजूंनी पाहून दुपटीचा फरक पाहिलेला आहे. म्हणून एकेका टॅगवरचा आकडा मी "लहान, मध्यम, मोठी" एवढ्याच अर्थाने वाचतो. क्रम लावायला तो उत्तम आहे, पण त्याच्यावर बचतीची बेरीज करून व्यवस्थापनापुढे ठेवू नका, पुढच्या वर्षी तीच बेरीज तुमच्या अंगावर येईल.

बेरजेसाठी कॉम्प्रेसरलाच विचारा. उत्पादन बंद असलेल्या रात्री फक्त एक लोड-अनलोड कॉम्प्रेसर (जो कधी हवा दाबतो, कधी नुसता फिरत राहतो) चालू ठेवा, किती वेळ लोड घेतो आणि किती वेळ अनलोड राहतो ते दहा-बारा फेऱ्या घड्याळ लावून लिहा. ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड म्हणजे त्या यंत्राच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसती गळतीत जातेय. दुरुस्तीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हीच चाचणी केली की मिळणारा फरक कोणालाही खोडता येत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची मार्गदर्शिकाही म्हणते की गळतीत कॉम्प्रेसरच्या उत्पादनाचा २० ते ३० टक्के भाग जाऊ शकतो, म्हणजे तुमची रात्र काही जगावेगळी नाही. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: ७ बारला १ मिलिमीटरच्या गोल भोकातून मिनिटाला साठ-सत्तर लिटर मोकळी हवा जाते, आणि तेवढी हवा दाबायला कॉम्प्रेसरला साधारण ०.४ किलोवॅट लागतात. वर्षाला ८००० तास धरले तर तीन हजारांच्या वर युनिट झाली, एका टाचणीएवढ्या भोकापायी. भोक ३ मिलिमीटरचं असेल तर नऊपट.

इथे एक खड्डा आहे, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. गळत्या बुजवल्या, टॅग काढले, आणि वीजबिल हललं नाही. कारण हवेची मागणी कमी झाली तरी तिन्ही कॉम्प्रेसर चालूच राहिले, फक्त जास्त वेळ अनलोडवर. अनलोडवरचा स्क्रू कॉम्प्रेसर हवा देत नाही, पण पूर्ण भाराच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी वीज ओढतो. शिवाय मागणी घटल्याने हेडरचा दाब थोडा चढतो आणि उरलेल्या गळत्या त्या दाबावर जास्त गळतात. त्यामुळे दुरुस्तीनंतर प्रेशर सेटिंग खाली आणणं आणि एक कॉम्प्रेसर खरोखर बंद होतोय हे पाहणं, हा गळतीच्याच कामाचा भाग आहे. ७ बारच्या आसपास १ बार कमी केलात की कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्क्यांनी उतरते. टाचण्या बुजवण्यापेक्षा कधीकधी हेच मोठं काम ठरतं.

एचटी यार्डाबद्दल. हो, चालतो, आणि मला वैयक्तिकरीत्या तिथे तो हवेच्या लाइनपेक्षाही जास्त आवडतो. कोरोना (टोकदार भागाभोवतीच्या हवेत होणारी विजेची गळती) आणि इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरचं डिस्चार्ज यांत उष्णता इतकी कमी असते की उष्णता पाहणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला बहुधा काही दिसत नाही, पण आवाज होतो आणि तो सुरक्षित अंतरावरून टिपता येतो. चांगले कॅमेरे हा आवाज वीजपुरवठ्याच्या आवर्तनावर, म्हणजे एसी लाटेच्या एका फेरीवर, मांडून दाखवतात. कोरोनाचे ठिपके सुरुवातीला आवर्तनात एकाच ठिकाणी, व्होल्टेजच्या एका शिखराशी, गोळा होतात. पृष्ठभागावरच्या डिस्चार्जचे दोन पुंजके पडतात, एकमेकांपासून १८० अंशांवर. पहिला प्रकार टोकदार बोल्टमुळे असेल तर नोंद करून नियोजित शटडाउनची वाट पाहता येते. दुसरा इन्सुलेटरच्या अंगावर असेल तर वाट पाहू नका, कारण तो पृष्ठभाग जाळत मार्ग तयार करत असतो. दमट पहाटे जे दिसतं ते कोरड्या दुपारी दिसत नाही, म्हणून एकदा स्वच्छ आलं म्हणून यार्ड निर्दोष असं लिहू नका. आणि कॅमेऱ्याने स्वतःहून लावलेलं "गंभीर" किंवा "किरकोळ" हे लेबल न वाचता तो ठिपक्यांचा नमुना स्वतः बघा.

मर्यादा इथेही आहेत. केबलच्या इन्सुलेशनच्या आत किंवा ट्रान्सफॉर्मरच्या तेलात होणारं डिस्चार्ज या कॅमेऱ्याने सापडायचं नाही. बंद पॅनलसमोर उभं राहून पत्र्यावर कॅमेरा रोखण्यातही अर्थ नाही, आवाज फटीतून किंवा जाळीतून येईल तेवढाच. थर्मल तपासणीसाठी बसवलेल्या खिडक्यांमधून पाहायचा प्रयत्न लोक करतात. ती खिडकी इन्फ्रारेडला वाट देते, अल्ट्रासाउंडला नाही. उलट, सैल जोडामुळे तापणारा बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) आवाज करत नाही. म्हणजे यार्डात थर्मल आणि अकूस्टिक दोन्ही लागतात. आणि कॅमेरा लांबून पाहतो म्हणून परवाना, सुरक्षित अंतर, अधिकृत माणूस यातलं काही माफ होत नाही.

कॉन्व्हेयरवर त्याचा उपयोग एवढाच की शंभर रोलरांपैकी कुठला ओरडतोय ते चालता चालता कळतं. तिथे आवाज बराच खालच्या पट्ट्यात असतो, डाग फुगलेला येतो, त्यामुळे जवळून बघा. बेअरिंगची अवस्था किती वाईट हे ठरवायला कंपनमापन किंवा टेकवून ऐकायचा अल्ट्रासाउंड प्रोबच लागतो. स्टीम ट्रॅपचंही (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हचंही) तसंच, आतला व्हॉल्व्ह बसतोय की नाही ते लांबून कळत नाही. व्हॅक्युमच्या लाइनमध्ये खळबळ आतल्या बाजूला होते, बाहेर फार थोडा आवाज पोचतो, म्हणून हातभर अंतरावर जाऊन शोधावं लागतं.

ज्वलनशील वायू असेल तर एवढं ध्यानात असू द्या: कॅमेऱ्याला वायू कोणता ते कळत नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, हवा, त्याच्या लेखी सगळा फुसफुसाटच. दाब इतका कमी की झोतात खळबळच होत नाही, तर गळती असूनही पडदा स्वच्छ राहतो. गॅस डिटेक्टरची जागा तो घेऊ शकत नाही, आणि स्फोटक क्षेत्रात त्या क्षेत्रासाठी प्रमाणित नसलेला कॅमेरा नेऊच नये. वाफ, हायड्रॉलिक तेल किंवा जास्त दाबाची हवा यांची गळती हात फिरवून तपासायची सवय असेल तर ती आजच सोडा. बारीक झोत कातडीतून आत शिरतो.

आता तुमच्या चाळीस टॅगांचं काय करायचं. पहिल्यांदा वर सांगितलेली लोड-अनलोडची चाचणी करा आणि आकडा लिहून ठेवा. मग सगळ्या टॅगांवर कॅमेरा घेऊन पुन्हा जा, फोटोवर विसंबून नको. प्रत्येक डाग दोन बाजूंनी पाहा, जवळ जा, शेवटची वीत साबणाच्या पाण्याने पक्की करा, आणि टॅगवर "हेडर क्र. २" असं न लिहिता नेमका भाग लिहा: युनियन, कपलर, रॉड सील. सुटा भाग लागेल का आणि चालू मशीनवर होईल का, या दोन गोष्टीही तिथेच लिहा, नाहीतर टॅग महिनोन्‌महिने लटकत राहतात. दुरुस्तीनंतर तीच जागा पुन्हा बघा. घट्ट करताना शेजारचा आटा हलून नवी गळती सुरू झालेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

कॅमेरा विकत घ्यायची घाई करू नका. तीन कॉम्प्रेसरच्या शॉपला पहिल्या खेपेस तो आठवडाभर भाड्याने आणला तरी पुरे, आणि हाताच्या उंचीवरच्या बहुतेक गळत्या तर हेडफोनवाल्या साध्या अल्ट्रासाउंड गननेही सापडतात. कॅमेऱ्याचा खरा फायदा उंचावरच्या पाइपांवर आणि गोंगाटात. भाड्याने आणाल तेव्हा दिवसाचं नुसतं प्रात्यक्षिक करू नका, मशीन बंद आणि लाइनमध्ये हवा अशा अवस्थेत, रात्रपाळीला वापरा. ब्लो गन आणि एक्झॉस्टचा आवाज तेव्हा नसतो. आणि सुरुवात कॉम्प्रेसर रूमच्या ऑटो ड्रेनपासून करा, रात्री लोड घेणाऱ्या कॉम्प्रेसरचं उत्तर मला बऱ्याचदा तिथेच, दाराच्या आत चार पावलांवर सापडलंय.